शिट्टी वाजेपर्यंत

आजच्या या सत्कार समारंभाचे अध्यक्ष, आपल्या सांता रोका नगराचे नगराध्यक्ष माननीय एफ्रेन मागसिनो. ज्यांच्यासाठी आपण बास्केटबॉलचं मैदान धुऊन काढलं आणि आज त्याला सभागृह म्हणतो आहोत ते सत्कारमूर्ती, थेट रोमहून आलेले थोर दिग्दर्शक सिन्योर सिल्व्हानो तोर्कियानी. त्यांच्या कानाशी बसून आमचं बोलणं त्यांच्या भाषेत उतरवणारी, त्यांच्या चाहत्यांच्या मंडळाची चिटणीस कुमारी कियारा. आजची प्रार्थना आटोपती घेतल्याबद्दल ज्यांचे आभार मानावे तेवढे थोडे असे फादर देल्फिन. आणि समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या माझ्या सर्व मृत बंधूंनो आणि भगिनींनो,

हसू नका. मृत असल्याशिवाय आज पुढच्या रांगांत जागा मिळत नव्हती. निमंत्रणपत्रिकेतच छापलं आहे, 'सिन्योरांच्या चित्रपटांत ज्यांनी मरण पत्करले त्यांच्यासाठी राखीव.' आमच्या गावात असं एकही घर नाही ज्यातलं कुणी त्या काळात मेलं नाही. काय बेर्तिंग, हात कशाला वर करतोस? सगळ्यांत जास्त वेळा तू मेलास म्हणतोस? बस खाली. मेलेली माणसं इतकं खात नाहीत. मघाशी लेचोनची, त्या अख्ख्या भाजलेल्या डुकराची, कुरकुरीत पाठ कुणी सोलून नेली ते सगळ्यांनी पाहिलंय.

मी लुझविमिंदा काटिगबाक. नव्या पिढीला मी साप्ताहिकात तिखट लिहिणारी बाई म्हणून माहीत असेन. तिखट हा नगराध्यक्षांचा शब्द. ते वाचत नाहीत, पण म्हणतात. जुन्या मंडळींना मी 'रक्तवाली लुझ' म्हणून आठवत असेन. सिन्योरांच्या चित्रपटांत सांडलेलं सगळं रक्त मी घरी, आईच्या पातेल्यात शिजवलेलं आहे.

तर मला इथे बोलायला उभं का केलं? माझ्यावर प्रेम आहे म्हणून नव्हे. सिन्योरांना सन्मानचिन्ह काय द्यायचं यावर नगरपालिकेत बराच खल झाला. लाकडी पंखा झाला, जहाज झालं. शेवटी कुणाला तरी आठवलं की सिन्योरांची ती जुनी पितळी शिट्टी, जी ते चित्रीकरणाच्या वेळी गळ्यात घालत, ती माझ्याकडे आहे. नगराध्यक्ष स्वतः घरी आले. म्हणाले, "लुझ, ती शिट्टी दे. काचेच्या पेटीत घालून देऊ." मी म्हटलं, "देते. पण मी स्वतः देणार, आणि आधी बोलणार." नगराध्यक्ष म्हणाले, "काय बोलणार?" मी म्हटलं, "गुणगौरव." त्यांचा चेहरा तेव्हा जसा झाला होता तसाच आत्ताही झालाय. बघून घ्या.

तर गुणगौरव.

सिन्योर, आपण थोर आहात हे आपण स्वतः येऊन सांगेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हतं. आपल्या चित्रपटांवर आपल्या देशातल्या जाणकारांनी कधी टीका केली नाही. टीका करायला आधी बघावं लागतं. आपणही नम्र. इतके नम्र की पडद्यावर स्वतःचं नावसुद्धा लावलं नाही. सिल्व्हानो तोर्कियानीच्या जागी झळकायचा कुणी स्टॅन्ली थॉर्न, जणू जन्मच टेक्सासमधला. ही रोमची रीतच होती म्हणे. इटालियन माणसाने केलेलं युद्ध कुणी विकत घेत नसे. कर्नल झालेला गडी आपल्या रोममधल्या गल्लीतला खाटीक होता, तो झाला रिक स्टील. आम्हा गावकऱ्यांची नावं मात्र आपण बदलली नाहीत. ती लिहायचीच नसतील तर बदलायची कशाला?

आणि काटकसर तरी किती! कथा व्हिएतनामची, जंगल आमचं, सैनिक रोमचे, शत्रू आम्ही. दुपारनंतर टोप्या बदलल्या की मित्रही आम्हीच. आठवतं ना, आमची तेरेसिंग भांबावून उभी होती, "अहो, मी आता कुणाच्या बाजूने मरू?" तिला उत्तर मिळालं होतं, "ज्या बाजूला सावली आहे त्या."

हेलिकॉप्टर परवडत नव्हतं. म्हणून माडाला दोर बांधायचे आणि पाचसहा गड्यांनी तो गदागदा हलवायचा. खाली रोमचे वीर वर बघून ओरडायचे, "आले! आपली माणसं आली!" वरून यायचे नारळ. एकदा रिक स्टीलच्या खांद्यावर बसला. युद्धात नारळाने जायबंदी झालेला तो पहिलाच कर्नल असावा. हसा, सिन्योरही हसताहेत. कियारा, तू छान सांगतेस गं. असंच शेवटपर्यंत सांग. मध्येच गाळू नकोस.

आता त्या शिट्टीबद्दल दोन शब्द, कारण इथे मागे कोवळी पोरंही उभी आहेत.

पहिल्या चित्रपटाच्या वेळी आमची मंडळी मरायची आणि लगेच उठायची. कुणी शिंकायचं, कुणी डास मारायचं, कुणी मेल्या मेल्या शेजाऱ्याला विचारायचं, "आज मासळी आली का रे?" सिन्योर केस उपटायचे. तेव्हा माणसं पुरवण्याचं काम होतं गावचे मुखिया कापितान तासियोंकडे. आजच्या नगराध्यक्षांचे तीर्थरूप. देव त्यांच्या आत्म्याला जमल्यास शांती देवो. कापितानांनी सगळ्यांना नदीकाठी उभं केलं आणि नियम सांगितला. तो आजही गावात पाठ आहे. "शिट्टी वाजेपर्यंत मेलेल्याने उठायचं नाही. साप आला तरी नाही, पाऊस आला तरी नाही, बायको आली तरी नाही. जो उठेल तो उद्यापासून घरी."

आणि आपण शिकलो, मंडळी! काय शिकलो! माझं रक्त साखरेच्या पाकाचं होतं, त्यात लाल रंग. तोंडात गेलं तर गोड लागावं म्हणून. तेव्हा त्याला मुंग्या यायच्या. लाल, चावऱ्या. प्रेतांच्या मानेवरून, पापणीवरून रांगा जायच्या आणि प्रेतं हलायची नाहीत. सिन्योर म्हणायचे, "अशी शांतता मी जगात कुठे पाहिली नाही!" मीही नाही पाहिली, सिन्योर. आमची माणसं इगर्जीत इतकी शांत बसत नाहीत. विचारा फादरना.

ही पहिली चिठ्ठी आली अध्यक्षांची. 'कृपया आवरते घ्यावे.' आवरतेच आहे. अजून सत्कारमूर्तींच्या विनोदापर्यंत पोहोचले नाही.

मघाशी सिन्योरांनी भाषणात एक किस्सा सांगितला. आपण सगळे हसलो. म्हणजे तुम्ही हसलात. त्यांनी सांगितलं, की नदीवरच्या पुलाच्या दृश्यात गावातला एक दारुडा झिंगत झिंगत मधेच घुसला, धाडकन पडला, आणि त्याने त्यांना त्यांच्या आयुष्यातलं सर्वोत्तम प्रेत दिलं. "आणि फुकट!" असं म्हणून ते थांबले, कारण हशा येणार हे त्यांना ठाऊक होतं. आला.

त्या दारुड्याचं नाव अंब्रोसियो दिमायुगा. आम्ही त्याला कूया अंबो म्हणत असू, म्हणजे अंबोदादा. त्याची बायको, आलिंग पासिता, ती तिथे मागे, पान्सितच्या पातेल्याजवळ उभी आहे. तुमच्या सगळ्यांच्या ताटातल्या शेवया आज तिने केल्या आहेत. हशा संपल्यावर सिन्योरांच्या पुढ्यात दुसऱ्यांदा वाढणारा हात तिचाच होता. सिन्योर तिला "ग्रात्सिए" म्हणाले. शिष्टाचारात कुठे कमी नाहीत.

कुणी वळून बघितलं नाहीत तरी चालेल. वीसेक वर्षं नाही बघितलंत.

तर अंबो. अंबो पीत नव्हता असं मी म्हणणार नाही. सणावाराला प्यायचा, फादरही पितात. पण कामाच्या दिवशी नाही. कारण पडणं हा त्याचा धंदा होता आणि प्यालेला माणूस चुकीच्या जागी पडतो. सकाळी सगळ्यांच्या आधी तो नदीवर जायचा, जिथे पडायचं तिथले धोंडे एकेक करून काढायचा, गवताच्या पेंढ्या अंथरायचा, वर वाळू पसरायचा. तुमच्यापैकी निम्म्यांना मरायला त्यानेच शिकवलं. "हात आधी सोडायचे. डोकं सगळ्यात शेवटी. आणि पडल्यावर पोटाने श्वास घ्यायचा नाही, पाठीने घ्यायचा." पाठीने श्वास कसा घेतात ते मला आजही कळलेलं नाही, पण त्याला जमायचं.

तो चित्रीकरणाचा शेवटचा दिवस होता. बांबूचा पूल उडवायचा होता. स्फोटकं उरली होती, आणि ती परत न्यायची म्हणजे कटकट. सुरुंग लावणाऱ्याने विचारलं, "किती घालू?" सिन्योर म्हणाले, "सगळी."

कियारा, थांबलीस का? 'सगळी.' सोपा शब्द आहे.

पूल उडाला. फार सुंदर उडाला. आमच्या कोंबड्या नंतर आठवडाभर अंड्यावर बसल्या नाहीत. पुलावरचे आठदहा जण ठरल्याप्रमाणे पडले, अंबो ठरल्याप्रमाणे पेंढ्यांवर पडला, फक्त त्याच्याबरोबर पुलाचा एक बांबूही आला. तो ठरलेला नव्हता. तो मांडीत वरच्या बाजूला गेला. काठावरून पाहणाऱ्याला वाटलं, वा, काय युक्ती केली आहे अंबोने! मलाही वाटलं.

मग सूर्य ढगात गेला. नवख्यांसाठी सांगते, सिनेमात उजेड एकसारखा लागतो. प्रेतांची जवळून दृश्यं घ्यायची राहिली होती. म्हणून सिन्योरांनी सांगितलं की ऊन परत येईस्तोवर सगळी प्रेतं जशीच्या तशी राहू देत, एक बोटसुद्धा हलायला नको, आणि तोवर आपण जेवून घेऊ. आचारी रोमहून आणलेला. युद्ध थांबलं तरी चालेल, शेवया गार होता कामा नयेत, असा त्यांच्या तुकडीचा बाणा. नदीकाठी ताडपत्रीखाली टेबल मांडलं होतं. टेबलाला पांढरी चादर. समोर वाळूत आपण पडलेलो.

शिट्टी वाजली नव्हती.

मी बादली घेऊन प्रेतांमधून फिरत होते. रक्त वाळून काळं पडलं की ताजं लावावं लागे. बेर्तिंगच्या मानेवर मुंग्यांची ही रांग. ओठ न हलवता म्हणतो, "लुझ, बाई गं, झटक ना जरा."

"प्रेतं बोलत नाहीत."

"प्रेतांना खाजतं तरी का मग?"

मी हसले. हसत हसतच पुढे अंबोपाशी आले. कूया अंबोच्या अंगावर एकही मुंगी नव्हती. सगळ्यांच्या अंगावर होत्या, त्याच्या नव्हत्या. त्याच्यावर माश्या होत्या. हिरव्या, मोठ्या. मांडीवर, पोटावर, वाळूत. मी ते रक्त बोटाला लावलं. ते चिकट होतं, पण पाकासारखं नाही. आणि गरम होतं.

मी म्हटलं, "कूया, हे रक्त मी लावलेलं नाही."

"माहितेय," तो म्हणाला. "हळू बोल. शिट्टी झाली का?"

"नाही."

"मग जा. कॅमेऱ्यात येशील."

दुसरी चिठ्ठी. यावर नुसतंच 'पुरे' लिहिलंय. एफ्रेन, तुझं अक्षर तुझ्या बापासारखं आहे. तू तेव्हा मनिलाला शाळेत होतास, तुला नाही बोलत मी. बस.

मी धावत टेबलापाशी गेले. माझं इंग्रजी मोडकं, सिन्योरांचं त्याहून. मी म्हटलं, "रक्त खरं आहे! माश्या बसल्यात!" सिन्योरांचा काटा थांबला. डोळे चमकले. "माश्या? खऱ्या?" त्यांनी तोंडातला घास गिळायच्या आधी कॅमेरावाल्याला हाक मारली. वर्षानुवर्षं ते पडद्यावर माशी आणायचा प्रयत्न करत होते म्हणे, मध लावून पाहिला, मासळीचं पाणी शिंपडून पाहिलं, माशी काही अभिनय करीना. म्हणाले, "मुलीला सांगा, त्याला हात लावू नको. माश्या उडतील." आणि कॅमेरा वळवला. इकडे ऊनही आलं. त्या दिवशी देव सिन्योरांच्या बाजूने होता. बहुतेक सावली तिकडे असावी.

मी कापितानांकडे गेले. ते म्हणाले, "लुझ, अगं तो अंबो आहे. त्याला मरता येतं. तुला काय कळतं त्यातलं?"

हे वाक्य नीट ऐका, मंडळी. इथे आपण सगळे सापडतो. दुसरा कुणी असता, नवशिका असता, तर कुणीतरी उठलं असतं. अंबो होता म्हणून कुणी उठलं नाही. तो इतका चांगला मरत होता की आपला त्याच्या मरण्यावर पूर्ण विश्वास होता.

मी त्याला ओढायला गेले. कापितानांच्या दोघांनी मला दंडाला धरून तंबूत नेलं. त्यांतल्या एकाला मी कडकडून चावले. तो आज नगरपालिकेत मुकादम आहे आणि दाराशी उभा आहे. कसा आहेस, पेपिंग? अंगठ्याखालची खूण गेली नाही ना?

दृश्य झालं. शिट्टी वाजली. आपण उठलो, मुंग्या झटकल्या, शिव्या घातल्या. अंबो उठला नाही. आणि बेर्तिंग, तू ओरडलास, "बास की कूया! हौस फिटली नाही का?" आणि टाळ्या सुरू झाल्या. सगळा नदीकाठ टाळ्या वाजवत होता. सिन्योर खुर्चीवर उभे राहून वाजवत होते. टाळ्या वाजवतच आपण त्याच्याकडे चालत गेलो. जो जवळ पोहोचला त्याचे हात थांबले. मग त्याच्या मागच्याचे. टाळ्या अशा जवळून लांब विझत गेल्या. सगळ्यांत शेवटी खुर्चीवरच्या थांबल्या.

बेर्तिंग, मान वर कर. तुला दोष द्यायला नाही उभी राहिले मी. तू तेव्हा रडला होतास. खुर्चीवरचे नव्हते रडले.

पुढचं थोडक्यात. पोलीस यायच्या आत कापितानांच्या माणसांनी अंबोच्या अंगावर नारळाची दारू ओतली. बुधलाभर. फौजदाराने वास घेतला आणि मान डोलावली. मी माश्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, माश्या दारूवरही बसतात." कंपनीने सांगितलं, हा माणूस त्या दिवशी कामावर नव्हता, पिऊन आपणहून घुसला. कापितान म्हणाले, खरं आहे. आणि आपण काहीच म्हणालो नाही, कारण पुढच्या पावसाळ्यानंतर सिन्योरांच्या नव्या चित्रपटाचं काम सुरू होणार होतं आणि नदी काय शेजारच्या गावातही होती. तो चित्रपट इथेच झाला. त्यात तुम्ही पुन्हा मेलात. अंबोही मेला, तेच दृश्य सिन्योरांनी त्यात पुन्हा वापरलं, आणि त्याच्या पुढच्यातही. एवढी माशी कोण फुकट घालवेल?

जाताना सिन्योर शिट्टी टेबलावर विसरले. पांढऱ्या चादरीवर, खरकट्या ताटांमध्ये. ती मी उचलली.

आलिंग पासिता त्या दिवसापासून दारुड्याची विधवा झाली. तिच्या मुलीचं लग्न ठरताना मुलाकडच्यांनी विचारलं, "बाप पिऊन मेला ना?" बाजारात मासळीवाली चेष्टा करायची, "अंबोच्या घरी द्यायची म्हणजे धुऊन द्यायला हवी, वास असेल." ती उत्तर देत नसे. शिट्टी वाजली नव्हती ना.

आता आज थोड्या वेळाने या भिंतीवरच्या संगमरवरी पाटीचं अनावरण व्हायचं आहे. त्यावर सिन्योरांचं नाव आहे, दोन्ही नावं आहेत, आणि खाली त्यांच्या चित्रपटांत काम केलेल्या सर्व गावकऱ्यांची. बेर्तिंग आहे, तेरेसिंग आहे, मी आहे. ज्या रेड्याने एकदा शेपूट हलवली होती तो रेडाही आहे. अंब्रोसियो दिमायुगा नाही. मी नगरपालिकेत विचारलं. उत्तर आलं, "कंपनीच्या म्हणण्यानुसार ते त्या दिवशी कामावर नव्हते." बाकीच्या इतक्या चित्रपटांतलं त्याचं मरण कुठे गेलं, विचारलं. म्हणाले, "वाद असलेलं नाव नको."

म्हणून मी काल इथे आले, पडदा लावत होते तेव्हा. कियाराने बिचारीने प्रेमाने मला दाखवलं. तिच्या मंडळाने खपून त्या चित्रपटाची नवी, स्वच्छ प्रत काढली आहे. आपण गावात जी बघितली होती ती पार झिजलेली होती, पडद्यावर नुसता चिखल. आता पान न् पान दिसतं. अंबोच्या अंगावर मुंगी दिसत नाही. माश्या दिसतात, अगदी पंखांच्या हिरव्या चमकेसकट.

आणि आणखी एक दिसतं, ते मलाही ठाऊक नव्हतं. अंबोचे ओठ हलतात.

रोमला ही मंडळी चित्रपट मुका न्यायची आणि नंतर खोलीत बसून त्यावर आवाज चढवायची. तिथल्या कुणीतरी पाहिलं की प्रेताचे ओठ हलताहेत. प्रेत कसं बोलेल? मग प्रेताला मरता मरता घोगऱ्या आवाजात एक वाक्य दिलं, "हे जंगल तुम्हाला गिळून टाकेल!" फार गाजलेलं वाक्य आहे म्हणे चाहत्यांत. कियाराच्या सदऱ्यावरही छापलेलं आहे, पाहिलंत ना?

कियारा, बाळ, रडू नकोस. तुला कुठे ठाऊक होतं? तू फक्त सांगत राहा.

मी काल ते दृश्य पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. आवाज बंद करून. तुम्हीही आज तसंच पाहणार आहात. यंत्रावरच्या पोराला मी सांगून ठेवलंय. आपली भाषा आहे, आपल्या माणसाचे ओठ आहेत, वाचायला शाळा लागत नाही. अंबो विचारतो आहे, "शिट्टी झाली का?"

आता मला सांगा, झिंगत झिंगत मधेच घुसलेला दारुडा शिट्टीची वाट बघतो का? तो उठतो, शिव्या देतो, ओरडतो, माझ्या मांडीत बांबू घुसलाय म्हणून आख्खं गाव गोळा करतो. मरताना शिट्टीची वाट फक्त कामावरचा माणूस बघतो.

मघाशी मी आलिंग पासिताला पातेल्यामागे विचारलं, "तुला काय हवंय? त्यांनी माफी मागावी?" ती म्हणाली, "माफी घेऊन मी काय करू? त्याला एवढंच म्हणायला सांग, अंबो कामावर होता." एवढंच. चमचा धुवायला निघून गेली. सिन्योर, 'अंबो कामावर होता'. टागालोगमध्ये नको, आपल्या भाषेत चालेल. आपलं खरं नाव लावून म्हणा म्हणजे झालं. स्टॅन्ली थॉर्नची साक्ष आम्हाला नको.

पाथरवट रुबेन इथेच तिसऱ्या रांगेत बसला आहे. तोही आपल्याच हातून तीनचारदा मेलेला. पाटी कोरताना त्याने रेड्याच्या वर एका नावाची जागा सोडली आहे. छिन्नी त्याच्या खिशात आहे.

आता सन्मानचिन्ह. नगराध्यक्ष, ही पेटी घ्या. रिकामी आहे. गडबडू नका. शिट्टी मी मघाशीच देऊन टाकली. आलिंग पासिता, हात वर कर गं. दिसली सगळ्यांना? दोरी जुनीच आहे, सिन्योर, आपल्या घामाची.

आता काही सूचना. दिवे मालवले जातील. चित्रपट दोन तासांच्या आतबाहेर आहे. सिन्योरांना डॉक्टरांनी दर अर्ध्या तासाने उठायला सांगितलं आहे आणि पहाटे त्यांना विमान गाठायचं आहे, याची आयोजकांना पूर्ण कल्पना आहे. पण या गावाचा नियम सिन्योरांच्याच सोयीसाठी केलेला होता आणि तो कुणी अजून रद्द केलेला नाही. दाराशी पेपिंग आहे. मघाशी त्याने मला स्वतः येऊन विचारलं, "लुझ, या वेळी मी कुणाच्या बाजूने उभा राहू?" मी म्हटलं, तूच बघ. तो आता दाराला पाठ लावून उभा आहे, बघा, आणि तोंड आपल्याकडे आहे.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. मनापासून दिली नसली तरी. सत्कारमूर्तींचे आभार, की ते इतकी वर्षं जगले. नाहीतर हे सगळं त्यांच्या पुतळ्याला सांगावं लागलं असतं. फादरचे आभार, कारण ते मघापासून मान खाली घालून बसले आहेत आणि ती प्रार्थनाच असावी असं मी धरून चालले आहे. कियाराचे आभार, तिने एक शब्दही गाळला नाही. माझ्या बोलण्याने कुणाचं जेवण गार झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर उदार मनाने पदरात घ्यावं. आणि सिन्योर, आपलं दृश्य बिघडवल्याबद्दल विशेष क्षमा. तेव्हाच बिघडवणार होते, पण मला तंबूत बसवलं होतं.

मालव रे दिवे.

सिन्योर, बसा. हात आधी सोडायचे, डोकं सगळ्यात शेवटी. साप आला तरी नाही, पाऊस आला तरी नाही. शिट्टी जिच्याकडे आहे ती कोणत्या वाक्याची वाट बघते आहे ते आपल्याला ठाऊक आहे. तोवर कुणीही उठायचं नाही.